पाच काठ्या

चित्रात पाच माणसं होती आणि पाचांच्याही हातात काठ्या. शुक्रवारी सकाळी नसरुद्दीनने धुवायला म्हणून खाटेवरची चादर ओढली, तर चादरीखाली हे पडलेलं. पत्त्यासारखं, पण पत्त्यापेक्षा लांबट. वर इंग्रजी व्ही. राजा नाही, राणी नाही, इस्पिक-बदाम काही नाही. नुसती पाच पोरं, रंगीबेरंगी सदरे घातलेली, उघड्या माळावर एकमेकांवर काठ्या उगारून उभी. त्याने चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की या खोलीत आपण पाच जण होतो. दुसरी तिच्या मागोमागच आली, की फकरुद्दीन आज जातोय. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या. एरवी तो असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. निदान तसं तो सगळ्यांना सांगायचा.

फकरुद्दीन पलीकडच्या भिंतीशी पाठ करून बॅग बांधत होता, आणि तीही सुतळीने. चाकांच्या बॅगेला सुतळी बांधणाऱ्या या साठीच्या माणसाची नसरुद्दीनला नेहमीप्रमाणे चीड आली आणि नेहमीप्रमाणे तो काही बोलला नाही. अकरा वर्षं तो बोलला नव्हता. जेद्दाच्या बलदमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोघं बेचाळीस वर्षं राहत होते; त्यातली शेवटची अकरा वर्षं ते एका छताखाली झोपले, एका नळावर तोंड धुतलं, एका चुलीवरचं जेवले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. खोली गावची होती. बाणकोटच्या खाडीवरच्या त्यांच्या गावातला जो कुणी जेद्दाला येईल त्याला इथे खाट, असा पन्नास वर्षांचा रिवाज. आणि खोलीचा कायदा एकच: भांडा, डोकी फोडा, पण चूल वेगळी करायची नाही. ज्याने चूल वेगळी केली त्याने खाट सोडायची. दोघांपैकी कुणालाच खाट सोडायची नव्हती, कारण जो आधी सोडेल तो हरला. म्हणून एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. ज्याची पाळी त्याने रांधायचं, दुसऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवायचं, दुसऱ्याने गुमान जेवायचं. त्यातही चुरस होतीच. फकरुद्दीनने कालवणात मिरची जरा चढी टाकली, की दुसऱ्या दिवशी नसरुद्दीन ती दुप्पट टाकायचा. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, कान लाल व्हायचे, पण ताटात शीत राहायचं नाही. मुस्तफा तेव्हा खोलीत होता. तो म्हणायचा, "तुम्ही जेवत नाय रे, कुस्ती खेळता." पुढे मुस्तफा मुलाकडे कायमचा गेला, एक जण वारला, एकाला रियाधला काम मिळालं. तीन खाटा रिकाम्या झाल्या आणि त्यांच्यावर हे दोघं कपडे वाळत घालू लागले. आता फकरुद्दीनचा खुरूज निघाला होता, म्हणजे कायमचं परत जाणं. तो कामाला होता त्या अत्तराच्या दुकानाच्या मालकाने दुकानच बंद केलं. खरं म्हणजे नसरुद्दीन जिंकला होता. आठ दिवसांपूर्वी ही बातमी गावच्या ग्रुपवर वाचल्यापासून तो जिंकल्याचा आनंद व्हायची वाट बघत होता.

आणि आज हे चित्र. जाता जाता करणी करून चाललाय, हे त्याच्या मनाने कधी ठरवून टाकलं ते त्याला कळलंसुद्धा नाही. लहानपणी शेजारच्या कुबराआपाच्या उंबऱ्यात टाचण्या टोचलेला कणकेचा बाहुला निघाला होता. त्यानंतर तिची दोन म्हसरं मेली आणि तिचं दूध घालायचं बंद झालं. त्याची आई म्हणाली होती, म्हसरं रोगाने मेली, बाहुला पोरांचा खेळ. असं म्हणाली, पण रात्री त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिने कुराणातली आयतुल कुर्सी पढून फुंकर घातली. म्हणजे तिलाही खात्री नव्हती. आता खाटेच्या कडेला बसून नसरुद्दीनने स्वतःच ती पढली आणि स्वतःच्याच छातीवर फुंकर मारली, आणि असं करताना कुणी बघत नाही ना म्हणून आपण चोरून पलीकडे बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं. फकरुद्दीन गाठ मारत होता. या देशात जादूटोण्याचं नुसतं नाव निघालं तरी माणसाचं काय होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. हे चित्र खाली चौकातल्या शिपायाच्या हातात दिलं तर याचं विमान आज सुटायचं नाही. हा विचार आला, थोडा वेळ थांबला, आणि त्याला हाकलायला जितका वेळ लागला त्याची नसरुद्दीनला लाज वाटली. विमान सुटायचं नाही, एवढ्या भागाने त्याला क्षणभर बरं वाटलं होतं. पण ते त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही. त्याने मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि पनवेलला फार्मसी शिकणाऱ्या मुलीला, निदाला, पाठवून दिला. खाली लिहिलं, हे काय आहे. मुलीच्या कॉलेजची वेळ होती. उत्तर आलं नाही.

जुम्याच्या नमाजीला तो एकटाच गेला. ऊन भिंतींवरून परत अंगावर येत होतं. गल्लीतल्या निम्म्या इमारती डागडुजीसाठी रिकाम्या केल्या होत्या, त्यांच्या खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या, आणि ज्या दुकानांसमोर पूर्वी चालायला जागा नसायची तिथे आता पर्यटक फोटो काढत उभे असत. इमामाच्या खुतब्याकडे त्याचं लक्ष लागेना. आज पाळी फकरुद्दीनची होती. निघताना जिन्यात त्याला नारळाच्या रसाचा आणि हामूर माशाचा वास आला होता, तिरफळासकट. गावाहून आलेली तिरफळं फकरुद्दीन डब्यात मोजून ठेवायचा आणि ईदशिवाय वापरायचा नाही. आज का काढली? या प्रश्नाला दोन उत्तरं होती. अकरा वर्षांच्या सवयीने नसरुद्दीनने त्यातलं वाईट उत्तर उचललं. तिरफळाच्या वासाखाली काहीही लपतं.

परत आला तर ताट वाढलेलं होतं. रोज झाकलेलं असायचं. आज उघडं होतं, वाफ निघत होती, आणि फकरुद्दीन समोर बसला होता. दोघं कधी समोरासमोर बसून जेवत नसत. नसरुद्दीन बसला. त्याने भात कालवला. पिवळसर लाल कालवण, वर तेलाचा तवंग, हामूरचा मधला तुकडा, जो गावी घरच्या कर्त्याला वाढतात. हात तोंडाशी नेला. घास परत ताटात ठेवला. आपण हे काय करतोय हे त्याला चांगलं कळत होतं. या माणसाच्या हातचं त्याने ज्या दिवशी खाऊ नये त्या दिवशीही खाल्लं होतं. अकरा वर्षांपूर्वीचा हजचा मोसम होता तो, आणि तो ज्या हॉटेलात सामानाच्या कोठाराचं काम बघायचा तिथे सलग दोन पाळ्या करून दुपारी एकला खोलीवर आला होता. त्याचा मोबाइल बिघडलेला. घरून फोन फकरुद्दीनला आला होता, सकाळीच: नसरूची आई गेली, असरच्या नमाजेनंतर दफन. फकरुद्दीनने त्याला दार उघडलं, पाणी दिलं, आणि काही न सांगता वाढलं. दोनदा वाढलं. नसरुद्दीनने दोन्ही वेळा घेतलं, बोटं चाटली, आज काय झकास जमलंय म्हणाला, आणि आडवा झाला. तीनला फकरुद्दीनने त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं. तोवर गावी साडेपाच वाजले होते आणि माती पडून गेली होती. फोनवरून तरी नमाजेत उभं राहता आलं असतं, कुणीतरी फोन धरला असता, फावड्यांचा आवाज तरी ऐकू आला असता. "तुझ्या पोटात दोन दिवस काय नव्हतं," फकरुद्दीन म्हणाला होता, "सांगितलं असतं तर तू चार दिवस जेवला नसतास." नसरुद्दीन त्याला एवढंच म्हणाला होता, "माझी आई मेलेली असताना तू मला मासा वाढत बसलास." ते शेवटचं वाक्य. आपण बोटं चाटली होती, हे त्याला फकरुद्दीनच्या गुन्ह्यापेक्षा जास्त जाळत आलं होतं, पण बोटं चाटल्याचा राग कुणावर धरणार?

फकरुद्दीन जेवत नव्हता. त्याचं ताट रिकामंच होतं. तो नसरुद्दीनच्या तोंडाकडे बघत होता, आणि हे बघणं असं होतं की नसरुद्दीनची खात्रीच पटली. काहीतरी व्हायची वाट बघतोय. मी खाल्ल्यावर काय होतं ते बघायला बसलाय. त्याने ताट पुढे सारलं. फक्त एक वीत. ॲल्युमिनियमचं ताट फरशीवर घासलं, त्याचा आवाज झाला, आणि अकरा वर्षांत या खोलीत दोघांमध्ये झालेलं सर्वांत मोठं भांडण ते होतं. फकरुद्दीनने ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा ताटाकडे. तो म्हातारा दिसला. नसरुद्दीनने त्याला नीट असं किती वर्षांत बघितलं नव्हतं! हनुवटीखाली कातडी सुटली होती, दाढीला मेंदी लावायचंही त्याने सोडून दिलं होतं. शाळेत चौथीपर्यंत पहिला नंबर आलटून पालटून या दोघांचा असायचा. ओहोटीला खाडी कोण आधी पार करतो, आंब्याच्या कुठल्या फांदीपर्यंत कोण चढतो, आधी पासपोर्ट कुणाचा येतो, आधी मुलगा कुणाला होतो, सगळ्यात पैज. पैज लावायला दुसरा कुणी आवडायचा नाही. फकरुद्दीन उठला, हात न खरकटवताच धुतले, भांडं झाकून ठेवलं. अडीचला खालून गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. बॅगा तो स्वतःच दाराशी घेऊन गेला. दारात थांबला. काहीतरी बोलण्यासाठी छाती भरून घेतो तसा त्याने श्वास घेतला, आणि नसरुद्दीन खिडकीच्या लाकडी जाळीतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. जिन्यावर चाकं आदळत आदळत खाली गेली. मग गाडीचं दार लागलं आणि गल्लीत पुन्हा कबुतरांचा आवाज सुरू झाला.

एकट्या खोलीत वेळ कसा जातो ते त्याला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांत ही खोली त्याच्या एकट्याची कधी नव्हतीच. न बोलणारा माणूससुद्धा किती आवाज करतो, ते आता त्याला समजलं. खाकरणं, चपला ओढणं, चमचा ठेवणं, झोपेत या कुशीवरून त्या कुशीवर वळणं. चारच्या सुमाराला निदाचा फोन आला. ती हसत होती.

"अब्बा, हे तुम्हाला कुठे मिळालं? सौदीमध्ये?"

"काय आहे ते सांग आधी."

"टॅरो कार्ड आहे. भविष्य बघतात ना, तसलं. माझी रूममेट करते टाइमपास म्हणून. फाइव्ह ऑफ वाँड्स."

"म्हणजे करणी?"

"काय अब्बा! फॉरेनचे लोक विकत घेतात, दुकानात मिळतं. कुणीतरी टुरिस्ट विसरला असेल."

तेव्हा त्याला दुलई आठवली. हॉटेलात पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तू सहा महिने कपाटात ठेवतात, मग नोकरांत वाटून टाकतात. मागच्या आठवड्यात त्याच्या वाट्याला दोन परदेशी मुलींची पातळ दुलई आली होती आणि कंबरेला मऊ लागावं म्हणून त्याने ती चादरीखाली घातली होती. दुलईला खिसा होता. त्याने उठून खिशात हात घातला. आत चॉकलेटचा कागद आणि विमानाच्या तिकिटाचा तुकडा निघाला. तो तसाच उभा राहिला. फोनवर निदा बोलतच होती.

"त्याचा अर्थ ना, भांडण. कॉम्पिटिशन. पण नीट बघा, एवढ्या काठ्या आहेत आणि लागलंय कुणालाच नाही. कुणी पडलेलं नाही. माझी रूममेट म्हणते, ते मारामारी करतच नाहीयेत. सगळे मिळून काहीतरी उभं करतायत, फक्त कुणी कुणाचं ऐकत नाही. किंवा खेळतायत. एकटं कार्ड वाईट नसतं, असं म्हणते ती. अब्बा? ऐकताय ना? फकरूचाचा आज निघाले ना? बोललात का त्यांच्याशी शेवटी?"

"हां," तो म्हणाला, "अभ्यास कर." आणि फोन ठेवला. मुलगी काहीही बोलते. अर्थ म्हणे! त्याने चित्र पुन्हा उचललं. खरंच कुणी पडलेलं नव्हतं. त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव घालताना पाच-सहा जण असेच वासे घेऊन एकमेकांवर ओरडत होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज फकरुद्दीनचा होता. वासा इथे नको, तिथे रोव. नसरुद्दीन नवरदेव असून हळदीच्या अंगाने भांडायला बाहेर आला होता. त्याची बायको हफीजा अजूनही ते सांगून हसते. त्याने चित्र उशीवर ठेवलं, भांड्यावरचं झाकण काढलं. कालवण निवून वर साय धरली होती. उभ्या उभ्याच बोटाने घेऊन चाखलं. मग भात घेतला, तुकडा घेतला, बसला आणि खाल्लं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला थांबला. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. तिरफळ होतं, कोकम होतं, नारळ होता, मासा ताजा होता, आणि मिठाचा कणही नव्हता. अकरा वर्षांची सगळी मिरची एकदम डोक्यात चढावी तसा त्याला राग आला. गावच्या ग्रुपवरून त्याने नंबर शोधला आणि लावला. पलीकडे उचललं गेलं, मागे विमानतळाच्या सूचना ऐकू आल्या.

"मीठ कुठाय?" नसरुद्दीन ओरडला.

मग फकरुद्दीनचा आवाज आला. त्याच्या आठवणीतल्यापेक्षा तो जाड होता.

"आत्ता जेवतोस?"

"मीठ कुठाय, विचारतो मी. विसरलास?"

"मी मीठ विसरीन?"

"मग?"

"टाकलंच नाय. म्हटलं, बोलशील." तो म्हणाला, "आधी तिखट करून बघितलं. एकदा भात कच्चा ठेवला. तू दात खाऊन गिळायचास, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात डबल. आज जायचाच दिवस, म्हटलं मीठ नाय म्हटल्यावर एक शिवी तरी देईल. तर तू घास परत ठेवलास. मग म्हटलं, जाऊ दे. माझ्याशी बोलण्यापेक्षा याला उपाशी राहणं बरं वाटतं."

नसरुद्दीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. याच समजुतीवर हा विमानात बसणार होता, गावी जाऊन मरेपर्यंत याच समजुतीवर राहणार होता. तसं नव्हतं, असं सांगणं सोपं होतं. पण मग कसं होतं, ते सांगावं लागलं असतं. त्याने मनात दोन्ही तोलून बघितलं: मी तुझा एवढा द्वेष करतो की तुझ्याशी बोलण्यापेक्षा उपाशी राहिलो, की मी तुला जेवणात काहीतरी कालवणारा माणूस समजलो. पहिलं खोटं होतं आणि त्यात निदान अब्रू होती.

"मला वाटलं, तू करणी केलीस," तो म्हणाला. "खाटेवर एक कागद मिळाला. कुणा टुरिस्टाचा होता. मला वाटलं तुझा. मला वाटलं जेवणात पण काय घातलंस. मी भ्यालो."

पलीकडे मुंबईच्या विमानाचं नाव पुकारलं, आधी अरबीत, मग इंग्रजीत. ते संपल्यावर फकरुद्दीन बोलला.

"बेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस."

"हां."

"मी काय घातलं असेल? मी तर मीठ पण घातलं नव्हतं." तो हसला की खोकला, ते कळलं नाही. मग आवाज खाली आला. "नसरू, एक सांग. त्या दिवशी मी चुकलो का? तुला आधी जेवायला घातलं ते?"

इतकी वर्षं हा प्रश्न खोलीत होता आणि नसरुद्दीनने त्याचं उत्तर रोज दिलं होतं, फक्त तोंडाने नव्हे. आता माणूस जाताना सांगावं, नाही रे, चुकला नाहीस. असं कुणीही म्हणालं असतं. पण या माणसाशी त्याने जन्मात कधी गोड बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं.

"चुकलास," तो म्हणाला.

"बरं," फकरुद्दीन म्हणाला. "आणि आज तू चुकलास."

"हां. आज मी चुकलो."

"म्हणजे झाली की रे फिट्टंफाट."

नसरुद्दीनने मान वर केली. खोलीत कुणी नव्हतं. उद्या त्याचीच पाळी होती आणि परवाही त्याचीच.

"कुठे झाली?" तो घाईघाईने म्हणाला. "फिट्टंफाट बिलकूल झालेली नाय. तू पोचलास की फोन कर, मग सांगतो तुला."

"करतो," फकरुद्दीन म्हणाला. तेवढ्यात त्याच्या पुढची रांग सरकली असावी, कारण फोन बंद झाला.